आधी अनुभव, मग कौल

नवा कर कोणालाच आवडत नाही; आणि आजवर फुकट वापरलेल्या वस्तूवर तो बसणार असेल तर त्याविषयीचा रोष अधिकच तीव्र असतो. गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी मोटार आणणाऱ्याकडून शुल्क घ्यावे, हा विचार अर्थशास्त्रज्ञ गेल्या शतकाच्या मध्यापासून मांडत आले. सिंगापूरने 1975 मध्ये तो अमलातही आणला. परंतु सिंगापूरच्या राज्यकर्त्यांना विरोधकांची फारशी धास्ती नव्हती. जेथे दर चार-पाच वर्षांनी मतदारांपुढे उभे राहावे लागते, तेथे असे शुल्क लोकांच्या गळी उतरेल काय, हा खरा प्रश्न होता. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिने त्याचे दिलेले उत्तर विचारात घेण्यासारखे आहे.

या योजनेचा प्रारंभ मुळीच शुभ नव्हता. असे शुल्क आणणार नाही, असे वचन तेथील सोशल डेमोक्रॅट नेत्यांनी 2002 च्या निवडणुकीपूर्वी दिले होते. पुढे ग्रीन पक्षाचा पाठिंबा मिळविण्यासाठी ते मोडावे लागले. लोक संतापले. अखेर तडजोड निघाली ती अशी की, काही महिने प्रयोग करावा आणि मग जनतेचा कौल घ्यावा. त्याप्रमाणे आधी जादा बसगाड्या सुरू झाल्या आणि 3 जानेवारी 2006 पासून शुल्क लागू झाले. वेळेनुसार 10 ते 20 क्रोनर. रात्री आणि शनिवार-रविवारी काहीच नाही. शुल्काच्या सीमेवरील वाहतूक सुमारे एक-पंचमांशाने घटली. 31 जुलैला प्रयोग संपताच मोटारी पुन्हा वाढल्या आणि शुल्काने काय साधले होते, हे नागरिकांना त्याच्या अभावातही दिसले. सप्टेंबरच्या सार्वमतात शहरातील निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला. त्याच दिवशी झालेल्या निवडणुकीत वचन मोडणारा पक्ष मात्र शहराची सत्ता गमावून बसला. नव्या सत्ताधाऱ्यांनी शुल्काला विरोध केला होता. तरीही ऑगस्ट 2007 पासून ते कायम झाले.

याच्या उलट एडिंबरोत 2005 साली आणि मँचेस्टरमध्ये 2008 साली अनुभवाआधीच मत विचारण्यात आले. एडिंबरोत सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी आणि मँचेस्टरमध्ये पाचांपैकी जवळजवळ चौघांनी योजना फेटाळली. यात नवल काहीच नाही. खिशातून जाणारा पैसा आधी दिसतो. वाचणारा वेळ मागाहून कळतो.

महाराष्ट्राला रस्त्यावरील पैशाचा अनुभव आहे, पण तो टोलचा. टोल रस्ता बांधल्याचा खर्च वसूल करतो, तर गर्दीचे शुल्क अडलेल्या जागेची किंमत मागते. हा भेद स्पष्ट असला तरी नाक्यावर थांबलेल्या माणसाला तो पटवून देणे सोपे नाही. कोल्हापुरात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे लोक उभे राहिले आणि 2015 च्या अखेरीस शहरातील टोल रद्द करावा लागला. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. किती वसूल झाले, किती उरले आणि वसुली केव्हा थांबणार, यांविषयी नागरिकांची खात्री पटत नाही, तोवर कोणत्याही शुल्काला ते वसुलीचा नवा बहाणाच मानणार.

म्हणून शुल्क नकोच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. रस्ता आजही फुकट नाही. त्याचे मोल वेळेत मोजावे लागते, आणि तेही ज्याने ते वाढविले त्याला एकट्याला नव्हे. एका माणसाला नेणाऱ्या मोटारीमागे पन्नास-साठ प्रवाशांची बस खोळंबते. कचेरीत उशिराचा शेरा बसतो तो बसमधल्या कारकुनाला आणि तास बुडतो तो विद्यार्थ्याचा. ही मूक वसुली कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

उद्या येथील एखाद्या महापालिकेने असे शुल्क आणायचे ठरविले, तर तिने क्रम पाळला पाहिजे. आधी पुरेशा बसगाड्या, मग ठराविक मुदतीचा प्रयोग, जमाखर्चाचा दरमहा जाहीर हिशेब आणि शेवटी लोकांचा निर्णय. तो निर्णय नकाराचा आला तर निमूटपणे मानण्याची तयारीही हवी. लोक पैसे द्यायला नाखूश असतात हे खरे. पण फसविले जाण्याची त्यांना अधिक चीड असते. ती दूर करण्याचे काम नाक्यावरचे यंत्र करू शकत नाही. ते राज्यकर्त्यांनाच करावे लागेल.