बिल वाचतं कोण?

चेन्नईत ग्रीम्स रोडलगत 1983 मध्ये डॉ. प्रताप रेड्डी यांनी अपोलो रुग्णालय काढलं, तेव्हा देशात मेडिक्लेमसुद्धा नव्हता. तो आला 1986 मध्ये. पुढे 2006 मध्ये निव्वळ आरोग्यविमा विकणारी देशातली पहिली कंपनी, स्टार हेल्थ, निघाली तीही चेन्नईतच. आणि 2019 मध्ये अपोलोनं कर्करोगावरच्या प्रोटॉन किरणोपचाराचं केंद्र उघडलं, तेही त्याच शहरात.

बर्टन वाइसब्रॉड या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1991 मध्येच विमा आणि महागडं तंत्र यांचं नातं मांडलं होतं. विमा असला की महागड्या तंत्राला गिऱ्हाईक मिळतं. तंत्र महागलं की विम्यावाचून निभत नाही. मधल्या मध्ये बिल कुणी वाचत नाही. ‘कॅशलेस आहे ना?’ एवढं विचारून नातेवाईक सही करतात.

वाचावं लागतं ते पॉलिसीचं शेवटचं पान. रोबोटिक शस्त्रक्रिया, तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी असे बारा आधुनिक उपचार वगळता येणार नाहीत, असं विमा नियामकानं 2019 मध्ये बजावलं. मर्यादा घालायची मुभा मात्र ठेवली. पाच लाखांचा विमा असून त्या उपचाराला किती मिळणार, हे अनेकांना डिस्चार्जच्या दिवशीच कळतं. वैयक्तिक हप्त्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, छान झालं. पण हप्ता ज्या बिलांवरून ठरतो, ती त्यामुळे उतरत नाहीत.

माझ्या लेखी चेन्नईतली मोलाची कचेरी वेगळीच आहे. तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ, स्थापना 1994. अख्ख्या राज्याची औषधं एकाच निविदेनं घ्यायची, प्रयोगशाळेत तपासायची आणि जिल्ह्याच्या गोदामात ठेवायची, अशी त्याची रीत. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला पासबुक. त्यात नेमून दिलेल्या रकमेतून लागेल तो माल उचलायचा. सरकारी रुग्णालयांतली स्कॅनयंत्रंही हेच महामंडळ चालवतं, सीटी स्कॅन वर्षानुवर्षं 500 रुपयांत. तिथे मुख्यमंत्र्यांची विमा योजनाही आहेच. पण भाव पाडण्याची ताकद घाऊक खरेदीदाराकडे असते, विमेदाराकडे नाही.

महाराष्ट्रानं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला तो 2023 मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. वाचकहो, गावी जाल तेव्हा जिल्हा रुग्णालयात सीटीचं यंत्र चालू आहे का आणि स्कॅनला किती पैसे पडतात, हे विचारून आम्हाला जरूर कळवा.