सुटकेनंतरची कादंबरी

अमेरिकेतल्या ख्रिस्ती रहस्यकादंबऱ्यांचं नाव काढलं की चोखंदळ वाचक नाक मुरडतो. त्याचं म्हणणं ठरलेलं असतं: मुलगी पळवली जाणार, ती सुटणार, एखादा सज्जन पुरुष तिच्या प्रेमात पडणार, शेवटी प्रार्थना होणार आणि सगळं सुरळीत. प्रवचनाला रहस्याचा मुलामा, एवढंच. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. अपहरण सोसलेल्या बाईच्या माथी धर्म क्षमेचं आणि पावित्र्याचं ओझं मारतो. मग धर्माच्या छायेत लिहिलेली कादंबरी तिच्या बाजूची कशी असेल? पहिला आक्षेप मला साफ अमान्य आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

डी हेंडरसन यांची २०१३ सालची ‘अनस्पोकन’ घ्या. शिकागोच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या अपहरणातून शार्लट ग्रॅहम जिवंत परतलेली आहे. चार वर्षं ती कोंडलेली होती, आणि तीही घरापासून तीन मैलांच्या आत. शोधपथकातल्या पोलिसांना ही गोष्ट अजून छळते. अपहरणकर्ते पोलिसांच्या हातून मारले गेले. एरवीची रहस्यकादंबरी इथे संपली असती. इथे मात्र हे सगळं कादंबरी सुरू होण्याआधीच घडून गेलेलं आहे. शार्लटनं नाव बदललं आहे, आवडीचं काम धरलं आहे, आणि त्या चार वर्षांबद्दल ती पोलिसांपाशी, डॉक्टरांपाशी, घरच्यांपाशी चकार शब्द बोललेली नाही. आजोबांच्या मागे राहिलेली नाणी विकायची म्हणून ती ब्राइस बिशपशी व्यवहार करते. त्याला तिचा भूतकाळ ठाऊक नाही. त्याच वेळी एक पत्रकार त्या अपहरणावर पुस्तक लिहितो आहे आणि तपासातले जुने पोलीस त्याला मदत करताहेत. म्हणजे उत्कंठा ती सुटते की नाही याची नाहीच. तिच्यावर जे गुदरलं ते तिला न विचारता दुसराच कुणी बाजारात मांडणार का, याची आहे. याला प्रवचन म्हणायचं असेल तर ते कुठल्या व्यासपीठावरून ऐकायला मिळतं, हे मला कुणीतरी दाखवून द्यावं.

‘शेवट आधीच ठाऊक असतो’ हे तर दूषणच नव्हे. पोलिसी कादंबरीत खुनी सापडणार हेही ठाऊक असतं. म्हणून तिला कुणी पोलीस खात्याचा प्रचार म्हणत नाही.

या कादंबऱ्यांवर सोवळेपणाचाही शिक्का बसतो, कारण बलात्काराची, छळाची वर्णनं त्यांत जवळजवळ नसतात. ही प्रकाशकांनी आखलेली मर्यादा आहे, मान्य. पण तिचा परिणाम पाहा. इतर थरारकथांत वाचकाला त्या कोंडलेल्या खोलीत नेऊन बसवतात आणि बाईची यातना पानोपानी दाखवतात. इथे वाचक दाराबाहेर थांबतो. आत काय झालं हे सांगायचं की नाही, ते तिनं ठरवायचं. माझ्या मते या कथांची सगळ्यात मोठी नैतिक कमाई हीच आहे.

आता तो गंभीर आक्षेप. एलिझाबेथ स्मार्टला २००२ च्या जूनमध्ये, चौदाव्या वर्षी, सॉल्ट लेक सिटीतल्या घरातून चाकूचा धाक दाखवून पळवण्यात आलं. नऊ महिन्यांनी ती सापडली. पळवणारा स्वतःला प्रेषित म्हणवत होता. पुढे २०१३ मध्ये एका भाषणात तिनं सांगितलं, की शाळेत ब्रह्मचर्याचा धडा देताना शिक्षिकेनं शरीरसंबंध आलेल्या मुलीला चघळून टाकलेल्या च्युइंगमची उपमा दिली होती. कैदेत असताना तीच उपमा आठवून आपण कवडीमोल झालो असं तिला वाटलं. पळून जाण्याची उमेदच यामुळे कशी खचते, हे तिनं उघडपणे मांडलं. स्मार्ट मॉर्मन पंथाची, पण ही शिकवण अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्येही रुजलेली होती. या शिकवणीचं समर्थन होऊच शकत नाही. तिनं मुलींचं नुकसान केलं आहे.

मात्र हा दोष पवित्र शास्त्राच्या माथी मारण्याआधी ते शास्त्र उघडून पाहावं. २ शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात दावीद राजाची मुलगी तामार आहे. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बळजबरी करतो आणि मग तिलाच हाकलून देतो. ती डोक्यात राख घालून, वस्त्र फाडून, आक्रोश करत रस्त्यानं जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. राजा संतापतो, पण करत काहीच नाही. तामार भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहते आणि कथा तिला तिथेच सोडून पुढे जाते. इथे कलंक कुणाचा आहे याबद्दल शास्त्रकर्त्याच्या मनात तिळमात्र संदेह नाही. तामारेवर मौन लादलं गेलं. शार्लटचं मौन तिचं स्वतःचं आहे आणि ते मोडायचं की नाही हे तिच्याच हाती आहे. तामारेला नाकारला गेलेला पुढचा अध्याय लिहिण्याचं काम या कादंबऱ्या करतात, म्हणून मला त्या मोलाच्या वाटतात.

क्षमेचंही तसंच. ‘क्षमा कर आणि विसरून जा’ असं पीडितेला बजावणारे पुष्कळ भेटतात, आणि या प्रकारातल्या उथळ कादंबऱ्याही दोन प्रकरणांत हे उरकून टाकतात. त्या वाईटच आहेत. पण उत्पत्तीतला योसेफ भावांनी चांदीच्या वीस नाण्यांना विकलेला मुलगा आहे. भाऊ मिसरात धान्य मागायला येतात तेव्हा तो लगेच गळ्यात पडत नाही. त्यांना हेर ठरवतो, शिमोनाला अडकवून ठेवतो, बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवतो. हे लोक बदललेत का, हे पारखून मगच ओळख देतो. क्षमेपूर्वी खात्री करून घेण्याचा हक्क इथे सोसणाऱ्याकडे आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. बहुतेक लेखिका नायिकेचं सावरणं लग्नाच्या दिशेनं नेतात. चांगला नवरा मिळाला की जखम भरली, हे सूत्र श्रद्धेतून आलेलं नाही, प्रेमकथेच्या बाजारातून आलेलं आहे. याचा पडताळा आपल्याकडेच आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना आणि विधवांना थारा दिला, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. तिथे प्रार्थना होतीच. पण तिच्याबरोबर शाळा होती, विणकाम होतं, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात, सदनातल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. अमेरिकन लेखिकांनी शार्लटच्या आवडत्या कामाला ब्राइस बिशपइतकीच पानं द्यावीत, एवढंच माझं मागणं आहे.