परदेशस्थ स्थळ आणि पालकांचा विवेक

अमेरिकेतील स्थळ आले की पत्रिका पाहिली जाते, पगाराची चौकशी होते. वराचा व्हिसा कोणता, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक कन्येचे तेथील स्थान त्यावरच अवलंबून असते. नागरिकाच्या पत्नीसाठी वार्षिक संख्यामर्यादा नाही. ग्रीनकार्डधारकाच्या पत्नीला ती आहे, म्हणून प्रतीक्षाही आहे. एच-१बी वराच्या पत्नीस मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर नोकरीची मुभा २०१५ पासून मिळू लागली. तीही सामान्यतः पतीची ग्रीनकार्ड-प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यावरच.

विवाहास दोन वर्षे होण्यापूर्वी मिळालेले ग्रीनकार्ड सशर्त असते. पुढे पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करावा लागतो. बनावट विवाह रोखण्यासाठी १९८६ साली आलेली ही अट दुर्वर्तनी पतीच्या हाती शस्त्र ठरू शकते. छळ सिद्ध झाल्यास पत्नीला एकटीने अर्ज करता येतो. १९९४ च्या कायद्याने तर पती नागरिक वा ग्रीनकार्डधारक असल्यास मूळ अर्जही तिला स्वतः करता येतो. एच-४ वरील पत्नीला मात्र ही वाट नाही.

सुज्ञ पालकांनी मुहूर्तापूर्वी ही कागदपत्रे पाहावीत. कन्येचा पारपत्र तिच्याच हाती राहील आणि माहेरचे दार तिला सदैव उघडे असेल, हे तिला निघतानाच सांगावे.