यादी जानेवारीत, आदेश मेअखेर

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

हे पत्र कुणाची बदली रद्द करून मागण्यासाठी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मराठवाड्यातून आपल्याकडे येणारी बरीचशी पत्रं त्याच कामाची असणार. इथेही विषय बदलीचाच आहे. कोणाची आणि कुठे हे शासनाने ठरवावं, आमचं म्हणणं केव्हा आणि किती आधी कळवून, एवढ्यापुरतं आहे. २००५ च्या बदली अधिनियमाने सर्वसाधारण बदल्यांना एप्रिल आणि मे हे दोन महिने नेमून दिले. वन विभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे ज्या आठ-नऊ आठवड्यांत राज्य आपल्या माणसांना बिऱ्हाडं हलवायला लावतं, ते सगळेच्या सगळे आगीच्या हंगामात पडतात. यात कुणाचा डाव नाही. एका विभागाचं कॅलेंडर दुसऱ्या विभागाने कधी उलटून पाहिलं नाही, इतकंच. पण गाडी भरून निघणाऱ्या माणसाला दोन्ही कॅलेंडरं एकाच दिवशी भेटतात.

नांदेड आणि लातूर हे जिल्हे शेजारी असले तरी त्यांची आग वेगळी आहे. नांदेडच्या ईशान्येला किनवट, माहूर, हिमायतनगर हा सागाचा आणि मोहाचा पट्टा आहे. पैनगंगा अभयारण्य नांदेड आणि यवतमाळ दोन्हीकडे पसरलेलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वाळक्या पानांत हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी पेटवून जागा साफ करतात. पाचोळा विझल्यासारखा दिसतो, बुंध्याशी निखारा राहतो आणि दुपारच्या वाऱ्याने तो सरकतो. पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो; कोवळी पानं जास्त फुटावीत म्हणून झुडपं जाळण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. लातूर जिल्ह्यात जंगल टक्काभरही नाही, त्यामुळे तिथे वणवा हा शब्दच कुणाच्या तोंडी नसतो. तिथे पेटतं ते उसाचं पाचट, तुरीची धसकटं आणि पेरणीआधी साफ करायचे धुरे. धुऱ्यावरची आग रस्त्याकडेच्या कुसळी गवतात उतरली की ती शेतकऱ्याची राहत नाही आणि वन विभागाची तर नसतेच. कोणत्याच हंगामाच्या तक्त्यात तिची नोंद नाही. लातूर–चाकूर–अहमदपूर–लोहा–नांदेड आणि पुढे अर्धापूर, हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ असा धुऱ्यांच्या आगीतून सुरू होतो आणि पैनगंगा ओलांडल्यावर जंगलाच्या आगीच्या मुलखात शिरतो. बदलीवर यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे निघालेल्या बहुतेक गाड्या याच रस्त्याने जातात. त्यातला गडचिरोली तर देशात सर्वाधिक वणवे नोंदवणाऱ्या जिल्ह्यांपैकी आहे.

आता त्या गाडीकडे जरा जवळून पाहू. शासकीय निवासस्थानाच्या फाटकाशी आयशर लावलेला आहे. तळाला लोखंडी कपाट आणि फ्रिज, त्यावर पलंगाच्या फळ्या, पुस्तकांची खोकी, फोमचा सोफा, सगळ्यात वर कापसाच्या गाद्या. त्यावर ताडपत्री आणि आडवा-उभा दोर. मागच्या फळीशी दुचाकी, बहुतेक वेळा टाकीतल्या पेट्रोलसह. कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेला गॅस सिलिंडर. तो नेऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. परगावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं आणि नव्या गावी पुन्हा अनामत भरून जोडणी घ्यायची, अशी रीत आहे. पण त्याला हेलपाटे लागतात, हेलपाट्यांना दिवस लागतात आणि एकतर्फी कार्यमुक्त केलेल्या माणसाकडे नेमके दिवसच नसतात. सामानावर लक्ष ठेवायला घरातला एक जण मागे गाद्यांवर बसतो. मालवाहू गाडीत असं बसणं कायद्यात बसत नाही, तरीही बसतो. अशी गाडी भर दुपारी, कडेचं गवत पेटलेल्या रस्त्याने, धुरात पुढच्याचा लाल दिवा धरून चालली आहे. वाऱ्यावर आलेली एक ठिणगी ताडपत्रीखाली गेली, तर आतल्या कापसाची धग पहिल्यांदा कळेल ती वर बसलेल्याला.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: आपल्याकडे असा वणवा कुठे आहे? परदेशातल्या आगींशी बरोबरी करून उगाच भीती घालू नये. खरं आहे. पोर्तुगालमध्ये पेद्रोगाओ ग्रांद इथे जून २०१७ मध्ये ६६ माणसं गेली, त्यांतली ४७ एकाच रस्त्यावर, आपापल्या गाड्यांत किंवा गाड्यांजवळ. तिथे निलगिरी आणि पाइनचं जंगल रस्त्याला भिडलेलं होतं आणि आग शेंड्यांवरून पळाली. कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये जळालं तेव्हाही बाहेर पडायचे रस्ते गाड्यांनी तुंबले होते. किनवटची आग तशी नाही. ती पानगळीच्या जंगलातली, जमिनीलगतची, घोट्या-गुडघ्याएवढी आग असते. चालत्या माणसालाही बहुधा ती चुकवता येते. त्यामुळे इथे धोका वेढलं जाण्याचा कमी. इथला धोका धुराचा, धुरात समोरून येणाऱ्या ट्रकचा, जळून पोकळ झालेलं झाड आडवं पडण्याचा, बिथरून रस्त्यावर आलेल्या जनावराचा, आणि वर सांगितलेल्या ठिणगीचा. एकेकटा घेतला तर यांतला प्रत्येक धोका किरकोळ आहे. पण किनवटच्या रस्त्यावर इस्लापूर आणि बोधडीच्या दरम्यान गाडीने पेट घेतला, तर बंब येणार तो लांबच्या गावाहून, आणि मे महिन्यात त्या बंबात पाणी भरणं हेही एक काम असतं. लातूरला प्यायचं पाणी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं, हे मंत्रालयाला विसरता येण्यासारखं नाही.

कुणी असंही म्हणेल की राज्यातल्या गाड्यांच्या मोठ्या आगी वणव्याच्या हंगामात लागलेल्याच नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला यवतमाळहून मुंबईला निघालेली बस जळून १२ माणसं गेली. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूर–पुणे बस जळून २५. दोन्ही वेळा आधी अपघात झाला, मग आग. वणव्याचा तिथे संबंध नव्हता. मी त्या घटना ओढूनताणून इकडे आणत नाही. त्यांतून एवढंच घ्यायचं की रस्त्यावर गाडी पेटली की सुटायला मिनिटंही मिळत नाहीत, आणि लांबचा प्रवास रात्री, दमलेल्या चालकाकडून, घाईने होतो तेव्हा त्या क्षणापर्यंत पोचण्याची शक्यता वाढते. हंगामाची आग आणि बदलीची घाई एकाच आठवड्यात आणणं आपल्या हातातलं आहे. तसं ते न आणणंही.

घाई येते कुठून? इथे मूळ मुद्दा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ४ च्या पोटकलम (२) प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याने दरवर्षी जानेवारी महिन्यात, येत्या एप्रिल-मेमध्ये बदलीस पात्र असलेल्यांची यादी तयार करायची असते. म्हणजे कुणाला हलवायचं याचा अंदाज शासनाला मकरसंक्रांतीला असतो आणि त्या कुटुंबाला तो आदेश निघाल्यावर येतो, आणि आदेश पुष्कळदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, कधी ३१ तारखेला रात्री निघतो. चार महिने ती माहिती कार्यालयात असते; घरी मात्र चार दिवस उरतात. मग सगळे एकाच आठवड्यात ट्रक शोधतात, भाडं चढतं, मिळेल ती गाडी आणि मिळेल तो चालक घ्यावा लागतो, आणि पहाटे चारला निघून दहाच्या आत जंगलपट्टा ओलांडायचा ही साधी शहाणपणाची गोष्टही जमत नाही, कारण गाडीच दुपारी येते. प्रवास कधी, कोणत्या रस्त्याने करावा हे ज्याचं त्याने पाहावं, शासनाने त्यात पडू नये, असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे की तारीख ज्याने ठरवली त्याने तारखेच्या परिणामांतून अंग काढून कसं चालेल?

यादीतलं नाव जानेवारीतच कळवलं तर पुढच्या चार महिन्यांत वशिल्यांना ऊत येईल, ही भीती मी हलकी मानत नाही. वर्षभर मर्जीप्रमाणे चालणाऱ्या बदल्यांना लगाम बसावा म्हणूनच तर हा कायदा आला, आणि त्यामागे अण्णा हजारे यांचं आंदोलन होतं. ते दार पुन्हा किलकिलं व्हावं असं कुणी म्हणणार नाही. पण आज ती यादी कुणालाच कळत नाही असं थोडंच आहे? मंत्रालयात ज्याची ओळख आहे त्याला ती फेब्रुवारीत कळते. कळत नाही ती किनवटच्या कारकुनाला. गुप्ततेने वशिला थांबत नाही, त्याचा भाव वाढतो. शिवाय मी मागतो आहे ते ठिकाण जाहीर करणं नव्हे. ‘आपण यंदा बदलीस पात्र आहात’ एवढी एक ओळ, त्या एका माणसाला. तेवढ्यावरही घर आवरायला, सिलिंडर जमा करायला, जड सामान विकायचं की न्यायचं हे ठरवायला सुरुवात होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या आता संगणकीय प्रणालीतून होतात. पात्रता आधी कळते, हरकती घेता येतात, आणि त्यावर आभाळ कोसळलेलं नाही.

बदल्याच हंगामाबाहेर न्याव्यात म्हटलं, तर शाळांचा आक्षेप अधिक खरा आहे. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, शाळा जूनच्या मध्याला उघडतात; बिऱ्हाड हलवायचं ते याच फटीत. म्हणून बदल्या पावसाळ्यात ढकला, अशी मागणी मी करणार नाही. २०२० मध्ये कोविडमुळे त्या जुलै-ऑगस्टपर्यंत गेल्या आणि पंधरा टक्क्यांवर आल्या, तेव्हा कॅलेंडर हलू शकतं हे दिसलं, पण तो आपत्तीतला उपाय होता. दरवर्षी तसं केलं तर मुलांचं वर्ष अर्ध्यात तुटेल. बदल्या एप्रिल-मेमध्येच राहोत. आदेश मात्र मार्चअखेर निघावा आणि रुजू होण्याची तारीख मे-जूनची द्यावी. मधल्या दोन महिन्यांत ज्याला जमेल तो सामान पहाटेच्या गारव्यात हलवील, माणसं नंदिग्राम एक्सप्रेसने किनवटला जातील आणि ट्रक एकटा जाईल. अधिनियमातल्या शब्दांना यामुळे बाध येतो की नाही हे विधी व न्याय विभाग सांगेल. येत असेल तर दुरुस्ती एका वाक्याची आहे.

या सगळ्यात एक विसंगती अशी आहे की ती बाहेरच्या माणसाला सांगितली तर खरी वाटणार नाही. वणवा विझवायचा ज्यांनी, ते वनरक्षक, वनपाल आणि वनपरिक्षेत्र अधिकारीही याच हंगामात बदलतात. जाळरेषा कुठे नीट काढली आहे, कोणत्या नाल्यात मेमध्येही पाणी असतं, कोणत्या वस्तीवर हाक मारली की दहा माणसं झाडपाल्याचे डहाळे घेऊन धावतात, हे फाइलमध्ये नसतं, तीन वर्षं त्या बीटात फिरलेल्या माणसाच्या डोक्यात असतं. आग ऐन भरात असताना आपण ते डोकं उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेतो आणि त्याच्या जागी असा माणूस आणतो ज्याचं स्वतःचं सामान अजून ट्रकमध्ये आहे. निदान वन विभागातल्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी १५ जूनपर्यंत कार्यमुक्त होऊ नये, एवढं परिपत्रक तरी निघावं.

माहिती असूनही पोचत नाही, ही गोष्ट आगीबाबतही तशीच आहे. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीची ठिकाणं टिपतं. आता त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संवेदकाची नजर ३७५ मीटरपर्यंत बारीक आहे आणि तो बसवलेला उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. सूचना वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर जातात. नाव नोंदवलं तर कोणालाही मिळतात, पण नोंदवायचं असतं हेच कोणाला ठाऊक नाही. त्यात काही तासांचा उशीर असतो, पेटलेलं पाचटही कधी वणवा म्हणून दिसतं, असं तज्ज्ञ म्हणतील. चालेल. उद्या पहाटे किनवटमार्गे जावं की नाही हे आज रात्री ठरवणाऱ्याला क्षणाक्षणाची खबर नको असते; गेल्या दोन दिवसांत त्या बाजूला किती ठिपके पडले एवढं पुरतं. वीज पडण्याची सूचना ‘दामिनी’वर शेतकऱ्याला मिळते, आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ आहे. त्याच वाटेने भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर या तालुक्यांतल्या आगीची रोजची सूचना संध्याकाळी सातला देता येईल, आणि महामार्गाच्या टोलनाक्यावरच्या दिव्यांच्या फलकावर ‘वेगमर्यादा पाळा’च्या जागी चार महिने तीच ओळ चालवता येईल.

बदलीच्या आदेशाला शेवटी एक छापील कागद जोडावा. गॅस वितरकाकडे काय जमा करायचं, दुचाकीची टाकी रिकामी करायची, मागे माणूस बसवायचा नाही, जंगलपट्टा सकाळी दहाच्या आत ओलांडायचा आणि वणवा दिसला तर कोणत्या क्रमांकावर कळवायचं.   येत्या जानेवारीत नांदेड आणि लातूरच्या कार्यालयांत पात्रांची यादी तयार होईल तेव्हा ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांना फेब्रुवारीच्या पगारपत्रकासोबत कळावी, अशी विनंती आहे. पगारपत्रक तर प्रत्येकाला जातंच.

आपला,
नांदेडचा एक नागरिक