अर्जावरचं नाव आधी वाचलं जातं

अमेरिकेतल्या पीएचडी प्रवेशांविषयी एक मत पुण्या-मुंबईत आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही फार ठामपणे मांडलं जातं. अर्ज फक्त गुणांवर पारखावा, अर्जदाराचा रंग आणि घरची परिस्थिती यांचा त्यात उल्लेखही नको. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांसाठी आजवर दारं सैल ठेवली गेली. तेव्हा २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत वंश लक्षात घेऊन प्रवेश देणं बेकायदा ठरवलं, ते बरंच झालं. शेवटी एक सवालही येतोच : आमची मुलं तरी कुठे गोरी आहेत? ती कशी पोचतात मग?

असं म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतः रक्ताचं पाणी करून पदव्या मिळवल्या आहेत. त्यांच्या मनात कुणाविषयी आकस असतो असं मी मानत नाही. पण हे मत चुकीच्या माहितीवर उभं आहे आणि त्याची किंमत दुसऱ्यांची मुलं मोजतात, म्हणून त्याचा प्रतिवाद करायलाच हवा.

आधी सैल दारांचं पाहू. शाळांमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा १९५४चा ब्राउन खटला सर्वांना ठाऊक असतो. त्याआधीची लढाई मात्र पदवीनंतरच्या शिक्षणासाठी झाली, हे फारसं सांगितलं जात नाही. लॉइड गेन्स या पदवीधराला मिसुरी विद्यापीठाच्या लॉ स्कूलने केवळ रंगामुळे नाकारलं. शेजारच्या राज्यात जाऊन शीक, फी आम्ही भरतो, असं राज्याचं म्हणणं होतं. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. ओक्लाहोमा विद्यापीठात जॉर्ज मॅकलॉरिन यांना शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट करायची होती. ते स्वतः मास्टर्स झालेले होते. न्यायालयाच्या आदेशाने त्यांना प्रवेश मिळाला, पण वर्गात नव्हे. वर्गालगतच्या खोलीत त्यांचं वेगळं डेस्क मांडलं गेलं. ग्रंथालयात पोटमाळ्यावरची एक जागा ठरवून दिली आणि वाचनकक्षातल्या टेबलांवर बसायला मनाई केली. कॅफेटेरियात त्यांचं टेबल वेगळं आणि जेवायची वेळही वेगळी. ५ जून १९५० रोजी न्यायालयाने एकमताने हे बेकायदा ठरवलं. टेक्सस विद्यापीठाच्या लॉ स्कूलने रंगामुळे नाकारलेल्या हेमन स्वेट यांच्या खटल्याचाही निकाल त्याच दिवशी लागला. त्यात न्यायालयाने म्हटलं की लॉ स्कूलचं मोठेपण ज्या गोष्टींत असतं त्यांतल्या काही मोजता येत नाहीत : प्राध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, परंपरा. मोजता न येणाऱ्या या गोष्टींपासून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं, त्यांच्या नातवंडांना आता फक्त मोजता येणाऱ्या गोष्टींवर पारखू या म्हणणं मला न्यायाचं वाटत नाही.

दुसरा मुद्दा गुणांचा, आणि खरी मेख इथेच आहे. आपल्या डोळ्यांसमोर जेईई-नीट असते : एक परीक्षा, एक यादी, एक कटऑफ. पीएचडीचा प्रवेश तसा होत नाही. विभागातले चार-सहा प्राध्यापक अर्जांच्या फायली वाचतात. फाइलीत गुणपत्रक असतं, बहुधा तीन शिफारसपत्रं असतात, एसओपी म्हणजे अर्जदाराने स्वतः लिहिलेलं उद्देशपत्र असतं, केलेल्या संशोधनाचा पुरावा असतो. ज्युली पोसेल्ट या संशोधिकेने नामांकित विद्यापीठांतल्या दहा विभागांच्या प्रवेशप्रक्रियेचा जवळून अभ्यास केला, काही समित्यांच्या बैठकांना त्या स्वतः बसल्या आणि २०१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. चाळणीच्या पहिल्या फेरीत परीक्षेचे आकडे आणि कॉलेजचं नाव यांचा जोर चालतो आणि प्राध्यापकांचा ओढा नकळत आपल्यासारख्या वळणाच्या उमेदवारांकडे जातो, असं त्यांना दिसलं. जीआरई ही परीक्षा घेणारी ईटीएस ही संस्थासुद्धा सांगते की केवळ या गुणांच्या कटऑफवर कुणाला नाकारू नका. भौतिकशास्त्राच्या पीएचडीबाबत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की जीआरईचे गुण पदवी पूर्ण होण्याचा भरवशाचा अंदाज देत नाहीत. त्यावर संख्याशास्त्रीय आक्षेपही घेतले गेले आणि वाद अजून मिटलेला नाही. पण वाद आहे एवढ्यावरूनही त्या आकड्याला देव्हाऱ्यात बसवता येणार नाही.

शिवाय अर्ज भरण्याच्या आधी एक दार असतं, ज्याची नोंद कुठल्याच यादीत नसते. कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या दोन सहकारी संशोधकांनी अमेरिकेतल्या २५९ विद्यापीठांतल्या ६,५००हून अधिक प्राध्यापकांना ईमेल पाठवले. मजकूर सगळ्यांना सारखाच : मला पीएचडीसाठी अर्ज करायचा आहे, तुमच्या संशोधनात रस आहे, दहा मिनिटं भेटाल का? बदलत होतं ते फक्त खाली सही करणाऱ्याचं नाव. काही नावं गोऱ्या मुलांची वाटावीत अशी होती, काही कृष्णवर्णीय, लॅटिनो, चिनी, भारतीय मुलामुलींची. गोऱ्या पुरुषाच्या नावाला उत्तर येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त निघाली. खाजगी विद्यापीठांत आणि जिथे पगार मोठे त्या विषयांत ही तफावत अधिक होती. यातल्या एकाही प्राध्यापकाने गुणपत्रक पाहिलेलं नव्हतं. आणि ज्यांना उत्तरं कमी आली त्यांत आपल्याकडच्या वळणाची नावंही होती, हे घरोघरच्या चर्चेत ध्यानात घ्यायला हवं.

तरीही आपली मुलं पोचतात, हे खरंच आहे. मेहनत तर ती करतातच, पण मेहनतीला रस्ता ठाऊक असावा लागतो. पुण्याच्या सीओईपीतली किंवा मुंबईच्या आयसीटीतली मुलगी अर्ज भरायला बसते तेव्हा तिचा एखादा सिनिअर आधीच तिकडे असतो. कोणत्या प्रोफेसरकडे यंदा फंडिंग आहे, कोणाची लॅब सोडून मुलं पळतात, एसओपीत शाळेतली बक्षिसं का लिहू नयेत, हे सगळं तो फोनवर सांगतो. तिच्या सरांनी अशी पत्रं आधी कितीदा तरी लिहिलेली असतात. अलाबामातल्या लहानशा कॉलेजात शिकणाऱ्या, घरातली पहिलीच पदवी घेणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीला हे कोण सांगणार? डॉक्टरेटला सहसा फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळतं, हेसुद्धा अशा कित्येक मुलांना उशिरा कळतं. एकेका अर्जाची फी १०० डॉलरच्या आगेमागे असते, जीआरई द्यायची तर २००च्या वर. दहा ठिकाणी अर्ज करायचा विचार तिथेच गळून पडतो.

मेहनतीला आधारही लागतो, हे समजणं आपल्याला अवघड जाऊ नये. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले ते बडोद्याच्या सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली म्हणून. त्या शिष्यवृत्तीने त्यांच्या विद्वत्तेत तसूभर उणेपणा आला असं म्हणायची आज कुणाची छाती होणार नाही.

अमेरिकेतही असा आधार देऊन जे करून पाहिलं गेलं ते फळलंही आहे. नॅशव्हिलमध्ये फिस्क हे जुनं कृष्णवर्णीय विद्यापीठ आणि व्हँडरबिल्ट यांनी २००४ साली एकत्र येऊन योजना आखली : फिस्कमध्ये दोन वर्षांची मास्टर्स, त्या काळातच व्हँडरबिल्टच्या प्राध्यापकांबरोबर संशोधन, मग पीएचडी. निवडताना गुणांच्या जोडीला लांबलचक मुलाखत, चिकाटी कुठे दिसली याची विचारपूस. त्यातून खगोलशास्त्रात आणि भौतिकशास्त्रात डॉक्टर झालेली मुलं कुणाच्या दयेने झालेली नाहीत. प्रबंध त्यांनीच लिहिला, तोंडी परीक्षेला तीच उभी राहिली. चॅलेंजर दुर्घटनेत गेलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर हे एमआयटीचे भौतिकशास्त्रातले पीएचडी. त्यांच्या नावाची सरकारी योजना गरीब आणि घरातल्या पहिल्या पदवीधर मुलांना संशोधन, मार्गदर्शन आणि अनेक विद्यापीठांत अर्जाची फीमाफी मिळवून देते. गोऱ्या गरिबाचं काय, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर आहे : घरात पहिल्यांदा पदवी मिळवणारा गरीब गोरा मुलगाही या योजनेत बसतो, आणि बसायलाच हवा.

राहिला प्रश्न एसओपीत रंगाचा विषय काढावा की नाही याचा. ती सहानुभूतीची भीक आहे असं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी २०२३च्या त्याच निकालपत्रात नोंदवलं आहे की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिलं, आणि त्यातून त्याचं धैर्य किंवा कुवत दिसत असेल, तर विद्यापीठ ते विचारात घेऊ शकतं. मुलांनी ते जरूर लिहावं, फक्त संशोधनाला जोडून लिहावं. आपल्या वस्तीतल्या नळाच्या पाण्यात शिसं निघालं म्हणून जो रसायनशास्त्राकडे वळला, त्याने ते दडवलं तर त्याचा संशोधनाचा प्रश्नच अर्धा राहतो. वाचणाऱ्यालाही मग तो हा विषय घेऊन का आला हे कळणार नाही.

आणि विभागांनी काय करावं? अनोळखी नावाच्या ईमेललाही उत्तर द्यावं. फीमाफीचा अर्ज वेबसाइटच्या तळाशी पुरून ठेवू नये. एसओपीत काय अपेक्षित आहे, शिफारसपत्रात काय पाहिलं जातं, कोणता प्राध्यापक यंदा विद्यार्थी घेणार आहे, हे सप्टेंबरातच उघडपणे लिहावं, म्हणजे डिसेंबरच्या मुदतीआधी सिनिअर नसलेल्या मुलीलाही ते वाचता येईल. एवढं जाहीर करायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.