काळा किल्ला आणि गाण्याची खोली

जपानमध्ये शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या सुट्टीच्या दिवसाचे दोन भाग सहसा ठरलेले असतात : सकाळी किल्ला आणि संध्याकाळी काराओके. पहिल्याला अभ्यास व दुसऱ्याला करमणूक म्हणण्याची पद्धत आहे. परंतु पश्चिम जपानमधील ओकायामा शहरात ही विभागणी टिकत नाही, कारण तेथील किल्ल्याची आज दिसणारी मुख्य वास्तू आणि काराओकेची बंद खोली या दोन्ही गोष्टी दुसऱ्या महायुद्धातून सावरलेल्या समाजानेच घडविल्या आहेत.

ओकायामाचा मूळ ‘तेन्शु’, म्हणजे किल्ल्याच्या गाभ्यातील बहुमजली मनोरावजा वास्तू, उकिता हिदेइए या सरदाराने 1597 मध्ये पूर्ण केला. बाहेरून लावलेल्या काळ्या फळ्यांमुळे त्याला ‘उजो’, म्हणजे कावळ्याचा किल्ला, असे नाव मिळाले. शेजारच्या प्रांतातील हिमेजीचा शुभ्र किल्ला बगळ्याच्या नावाने ओळखला जातो. हिदेइए 1600 मध्ये सेकिगाहाराची लढाई हरला, पुढे हाचिजोजिमा या दूरच्या बेटावर त्याला हद्दपार करण्यात आले आणि तेथेच 1655 मध्ये त्याचा अंत झाला. किल्ला कालांतराने इकेदा घराण्याकडे गेला. सह्याद्रीतील दुर्गांवर वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला शहराच्या मधोमध, नदीकाठच्या लहानशा टेकडीवर उभा असलेला हा किल्ला प्रथम अपरिचित वाटतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानी सरदारांनी डोंगरमाथे सोडून सपाटीकडे वळण्याचे कारण असे, की आता त्यांना केवळ आश्रयस्थान नको होते, तर बाजारपेठ, जलमार्ग आणि करवसुली यांवर हुकमत ठेवणारी राजधानी हवी होती. किल्ल्याभोवती वसलेल्या अशा नगराला ‘जोकामाची’ म्हणतात. डोंगरी किल्लाच पाहायचा असेल, तर याच प्रांतात ताकाहाशी येथे बित्च्यू-मात्सुयामा आहे, आणि त्याचा मूळ तेन्शु आजही शाबूत आहे.

ओकायामाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. मेइजी काळात खंदक बुजविले गेले, बहुतेक इमारती पाडल्या गेल्या, आणि जो तेन्शु उरला होता तो 29 जून 1945 च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात जळाला. त्या एका पहाटे शहरात 1,700 हून अधिक माणसे मेली. आजचा तेन्शु 1966 मधील काँक्रीटचा असून आत उद्वाहक आहे. हे कळताच अनेक विद्यार्थ्यांचा हिरमोड होतो आणि वास्तूला ‘नकली’ ठरवून ते पुढे जातात. हा निवाडा अन्यायाचा आहे. हिरोशिमा (1958), नागोया (1959) आणि ओकायामा या बेचिराख झालेल्या शहरांनी घरे, शाळा व रस्ते उभारत असतानाच आपले तेन्शुही पुन्हा उभारले. ते काँक्रीट सोळाव्या शतकाबद्दल थोडे आणि विसाव्या शतकाबद्दल पुष्कळ सांगते.

त्याच शतकाचे दुसरे अपत्य म्हणजे काराओके. गाण्याची केवळ साथ वाजविणारे आणि भाड्याने देता येणारे यंत्र इनोउए दाइसुके या वादकाने 1971 मध्ये कोबे येथे तयार केले. त्याचे एकस्व मात्र त्याने घेतले नाही. आरंभी ही यंत्रे मद्यालयांत असत, त्यामुळे गाणारे बहुधा नोकरदार पुरुष आणि ऐकणारे अनोळखी लोक. 1980 च्या दशकाच्या मध्यास ओकायामा परिसरात मालवाहतुकीच्या जुन्या डब्यात गाण्याची स्वतंत्र खोली थाटण्यात आली, आणि तासावर भाड्याने मिळणारा ‘काराओके बॉक्स’ देशभर पसरला. मद्यालयाची अट सुटल्यामुळे विद्यार्थी, स्त्रिया आणि कुटुंबे गाऊ लागली. परदेशी विद्यार्थ्यालाही या खोलीचा मोठा आधार असतो, कारण पडद्यावर सरकणाऱ्या ओळींत कठीण चित्रलिपीवर तिचा उच्चार छापलेला असतो आणि संभाषणात अडखळणारा विद्यार्थीही तालाच्या ओघात सर्वांबरोबर गाऊ शकतो. भाषावर्गाला इतक्या सहजपणे हे साधत नाही.

करमणुकीचे दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न किल्ल्यापाशीही विचारता येतो. नदीपलीकडील कोराकुएन हे उद्यान इकेदा त्सुनामासा याने 1700 मध्ये पूर्ण करविले. ते प्रामुख्याने सरदाराच्या विश्रांतीसाठी व पाहुण्यांच्या सत्कारासाठी होते, सामान्यांना ठरावीक दिवशीच प्रवेश मिळे, आणि 1884 मध्ये प्रांतिक शासनाकडे आल्यावर ते सर्वांना खुले झाले. पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकुएनच्या धर्तीवर रचलेले आहे, त्यामुळे पुणेकर विद्यार्थ्याची या भूमीशी निघण्यापूर्वीच तोंडओळख झालेली असते. त्याने ओकायामाला पोहोचल्यावर थेट तेन्शुकडे न जाता आधी आगीतून वाचलेला ‘त्सुकिमी यागुरा’, म्हणजे चंद्रदर्शनाचा बुरूज, पाहावा : टेहळणीसाठी बांधलेल्या या सतराव्या शतकातील इमारतीत सरदाराच्या विरंगुळ्याचीही सोय केलेली आहे.