जुनी आरएक्स 100 आणि प्रक्षेपाचा प्रश्न

नरसी नामदेवचा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यात भेटावयास आला होता. मराठीत एम. ए. झालेला, आता घरची हळद आणि सोयाबीन पाहणारा. त्याने विचारले, "सर, यामाहा आरएक्स 100 मिळते आहे, 1991 ची. सव्वा लाख म्हणतात. घेऊ का?" तेवढ्या पैशांत नवी कोरी मोटरसायकल येते, हे त्यालाही ठाऊक होते. परंतु त्याच्या वडिलांपाशी अशीच गाडी होती आणि तो पाचवीत असताना ती विकावी लागली होती. विकणारा 'एकदम ओरिजिनल' म्हणून ग्वाही देत होता.

यंत्रातले मला बेताचेच कळते. पण 'ओरिजिनल' या शब्दाशी आम्हा मराठीच्या शिक्षकांचा संबंध जुना आहे, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो.

आरएक्स 100 भारतात एस्कॉर्ट्सने 1985 ते 1996 या काळात बनवली. पहिल्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जुळवल्या गेल्या. 98 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, 11 अश्वशक्ती आणि अंगाने हलकी. त्यामुळे ती जागेवरून अशी सुटे, की मोठ्या गाड्या मागे राहत. अमेरिकेत दांडग्या इंजिनाच्या जुन्या मोटारींना जी प्रतिष्ठा आहे, ती आमच्या तालुक्यांच्या गावी या गाडीला मिळाली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, टू-स्ट्रोक मागे पडली, आणि गाडी बंद झाल्यावर तिची किंमत चढू लागली.

किंमत चढली तसे प्रक्षेपही वाढले. एका गाडीची चेसिस, दुसरीचे इंजिन, तिसरीची टाकी, नव्याने छापलेले स्टिकर अशी जुळणी होऊ लागली. मूळ गाडीला चारच गिअर; पाचवा पडला, तर आतला गिअरबॉक्स नंतरच्या मॉडेलचा आहे हे उघड होते. पाठचिकित्सेत एखादे उत्तरकालीन शब्दरूप जे काम करते, तेच काम हा पाचवा गिअर करतो.

नरसीच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. नामदेवांचा (1270-1350) जन्म नरसीचा हे तेथील प्रत्येकाच्या श्रद्धेचे; अभ्यासकांत मात्र ते गाव कोणते, यावरही वाद झाले. अभंगांचे तसेच. 'नामा' ही मुद्रा दिसली म्हणजे रचना नामदेवांची ठरत नाही. विष्णुदास नामा हा सोळाव्या शतकातला कवी आणि त्याच्या आगेमागे त्या मुद्रेने लिहिणारे इतर यांच्या रचना गाथेत मिसळल्या. याउलट शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन 1604 मध्ये झाले आणि त्यातली नामदेवांची 61 पदे तेव्हापासून स्थिर आहेत. एकीकडे वाढत गेलेली गाथा, दुसरीकडे नोंद झालेली संहिता.

मात्र येथे एक भेद केला पाहिजे. प्रक्षिप्त अभंगाने वारकऱ्याचे काही बिघडत नाही. नामदेवांच्या नावाने कोणी गायिले, तर ती त्या नावाची सेवाच मानली गेली. तेथे कोणी अस्सलपणाचे दाम मोजत नाही. बाजारात सव्वा लाखांतला मोठा वाटा अस्सलपणासाठीच मागितला जातो, आणि खोडलेल्या चेसिस नंबरची गाडी तर कायद्याच्या कचाट्यात अडकवते. म्हणून भजनाची उदारता खरेदीत चालत नाही. तेथे संपादकाची शंकेखोर वृत्तीच हवी.

मी त्याला म्हणालो, आरसी बुकावरचे नंबर स्वतः उतरवून घे आणि चेसिसवर, इंजिनावर ते ताडून पाहा. ठोकलेल्या आकड्यांची धाटणी बघ. आरटीओतून नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, ते विचार. पंधरा वर्षांनंतर हा व्याप दर पाच वर्षांनी येतो. सगळे जुळले तरी खर्च संपत नाही. मूळ सुटे भाग दुर्मीळ आहेत आणि आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबरी भागांना मानवत नाही. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. रात्री हिंगोलीहून परतताना ट्रकच्या मागे तेच उपयोगी पडायचे आहेत.

माझे मत असे, की नंबर जुळत नसतील तर गाडी घेऊ नये. नंबर जुळत असून बाकीची जुळणी मिश्र असेल, तर मिश्र गाडीचेच दाम द्यावे आणि खुशाल फिरवावी. तीत कमीपणा काही नाही. सगळेच अस्सल निघाले, तरी रोजच्या कामाची गाडी घरात दुसरी असेल तेव्हाच हळदीचा पैसा तीत घालावा.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, आवाज मात्र तोच आहे." यावर पाठचिकित्सेकडे उत्तर नाही, आणि ते असावे असेही मला वाटत नाही. आवाज खराच असेल. पण आवाज ऐकण्यासाठी जुन्या गाडीवर एक चक्कर मारली तरी पुरते. सव्वा लाख मोजताना नंबर पाहावा लागतो.